धोंड्याच्या वाणातला एक मिलीमीटर

सासरवाडीत माझी ख्याती 'काही न मागणारा जावई' अशी आहे. ती मी तपश्चर्या करून मिळवलेली नाही. कोणी समोर उभं राहून 'काय हवं?' असं विचारलं की मला ऐन वेळी काहीच आठवत नाही, एवढंच तिचं कारण. त्यामुळे ज्या वर्षी श्रावण दोनदा आला, आणि सासऱ्यांनी फोन करून "जावईबापू, यंदा धोंड्याला काय घ्यायचं तुमाला? कापडं का चांदीचं कायतरी?" असं विचारलं, तेव्हा मी चटकन उत्तर दिलं याचं सगळ्यांनाच आश्चर्य वाटलं. माझ्यासकट.

"मामा, मला एक अडॅप्टर हवाय."

मामांनी पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक केला. मग, "मोबाईलचा व्हय?"

"नाही. लेन्सचा."

इथं थोडं मागं जायला हवं. कॉलेजात असताना माझ्याकडे एक फिल्मचा कॅमेरा होता. जड, काळा, आणि गळ्यात घातला की आपण कोणीतरी आहोत असं वाटायला लावणारा. लग्नानंतर भंडारदऱ्याला गेलो तेव्हा हिचे छत्तीसच्या छत्तीस फोटो मी त्यानंच काढले. त्यातले एकवीस आले, त्यातल्या नवांत हिचे डोळे मिटलेले होते, आणि तरीही त्या बारा फोटोंवर आमचा संसार पुष्कळ वर्षं सुखानं चालला. पुढे कॅमेरा मेला. त्याची लेन्स मात्र हिच्या एका जुन्या ओढणीत गुंडाळलेली कपाटात राहिली. त्या वर्षी मी एक वापरलेला मिररलेस कॅमेरा घेतला, आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या डोक्यात आलं की ती म्हातारी लेन्स या पोराला लावून पाहावी.

ती सरळ लागत नाही. जुन्या कॅमेऱ्याच्या पोटात आरसा असायचा, त्यामुळे लेन्स फिल्मपासून अंमळ लांब बसलेली असे. नव्यात आरसाच नाही, म्हणून तो चपटा. तेव्हा मध्ये धातूची एक पोकळ नळी घालायची: एका टोकाला नव्या कॅमेऱ्याची पकड, दुसऱ्या टोकाला जुन्या लेन्सचे आटे. तिलाच अडॅप्टर म्हणतात. तिची लांबी अगदी नेमकी लागते. किंचित जास्त झाली तरी लेन्सला लांबचं स्पष्ट दिसत नाही, लांबचा चष्मा लागल्यासारखं फक्त जवळचं दिसतं.

असा एक अडॅप्टर मी आधी ऑनलाइन मागवला होता. तो चुकीच्या आट्यांचा निघाला. तो परत करायची दहा दिवसांची मुदत मी 'वापरून वापरून बसेल' या आशेनं तो पिळण्यात घालवली. चपलेच्या बाबतीत हे खरं ठरतं.

हे सगळं ऐकून घेतल्यावर सासरे म्हणाले, "हे असलं विकत घेत्यात व्हय? अर्ध्या दिवसाचं काम हाय. मी काढून देतो."

मामा पाथर्डीकडचे. भाऊ कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागत, तेव्हा हे एकटे नगरात आले, नागापूरच्या एमआयडीसीत धातू कातायच्या लेथवर उभे राहिले, आणि उभं आयुष्य उभेच राहिले. टर्नर म्हणून निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसेनात. जुन्या जोडीदाराची दोन लेथची एक शेड होती, तिथं आठवड्यातून तीन दिवस जायचे. डबा घेऊन, बटणं लावून, अगदी कामावर जातात तसे.

घरात यावरून कायम वाद. माझा मेहुणा सुप्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. म्हणजे लोकांनी केलेल्या कामात खोट काढायचा त्याला पगार मिळतो. तो म्हणायचा, "अण्णा, वय झालं. एखाद्या दिवशी बोट जाईल लेथच्या फिरत्या चकात." सासूबाई म्हणायच्या, "त्यांचं बोट न्हाई जायाचं, माझा जीव जाईल." शेवटी मामांनीच एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "माझ्या हातचा पीस ज्या दिवशी चुकला म्हनून परत येईल, त्या दिवसापासनं मी घरी बसंन. तवर कुनी बोलायचं न्हाई." मेहुण्यानं "ठरलं" म्हणून टाळीसाठी हात पुढं केला होता, आणि मामांनी टाळी दिली होती. त्यानंतर पीस काही परत आला नव्हता.

तर मी कामाला लागलो. चुकीच्या अडॅप्टरला कॅमेऱ्याच्या बाजूला तीन कानांची एक चकती चार स्क्रूंनी बसवलेली होती. ती चकती तशीच वापरायची आणि मामांनी फक्त नवी नळी करायची, असं ठरलं. एकूण लांबी किती हवी ते मी इंटरनेटवरून काढलं. त्यातून चकतीची जाडी वजा केली आणि वहीच्या कागदावर आकृती काढून नळीची लांबी लिहिली: २५.४६. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे दशांशचिन्हानंतर दोन आकडे आले की मला घरी आल्यासारखं वाटतं. खाली मी सहीसुद्धा केली, आणि कागद नि चकती मामांकडे पोचवली.

अधिकातल्या एका रविवारी आम्ही जोडीनं जेवायला गेलो. पाय धुतले, कुंकू लागलं, पुरणाचे धोंडे पानात पडले, तेहतीस अनारशांचं ताट पुढं आलं, आणि त्या अनारशांच्या मधोमध, रुमालावर, चकती बसवलेली ती नळी. ॲल्युमिनियमची, चकचकीत, कडांची धार अशी मोडलेली की बोट फिरवत बसावं.

"वाण जाळीचंच द्यायचं असतं," सासूबाई म्हणाल्या. "अनारशाला भोकं असत्यात. ह्याला एकच हाय, पर बघा केवढं हाय."

"आटे बघा," मामा म्हणाले. "लावून बघा."

खिशातून लेन्स काढून मी फिरवली. ती अशी गेली की जणू तिची वाटच बघणं चाललं होतं. एवढासाही खडखडाट नाही. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. "बरोबर बसलं ना? समदं बरोबर हाय ना?"

"झकास, मामा."

घरी आल्यावर मी नळी आतून फळ्याच्या काळ्या रंगानं रंगवली, म्हणजे आत उजेड चमकू नये. कॅमेऱ्याला लावली. बटण दाबलं. काही होईना. पडद्यावर अक्षरं आली की लेन्स जोडलेली नाही. एवढी पावशेराची लेन्स लोंबकळत असताना कॅमेरा म्हणत होता, लेन्स नाही! जुन्या लेन्सला वायर नाही, वीज नाही, ती ओळख देणार तरी कशी? हिनं कॅमेरा माझ्या हातातून घेतला, मेनूत गेली, आणि 'लेन्स नसतानाही फोटो काढू दे' अशा अर्थाचं एक कलम शोधून चालू केलं. "अहो, त्याला सांगावं लागतं," ती म्हणाली. "तुमच्यासारखंच आहे त्याचं."

मग पहिला फोटो काढला, हिचाच, स्वयंपाकघराच्या दारात, संध्याकाळच्या उजेडात. हातानं रिंग फिरवत फिरवत तिचे डोळे स्पष्ट केले. आणि मी कॅमेरा खाली घ्यायचं विसरलो. नवीन लेन्स माणसाच्या चेहऱ्यावरची सगळी जनगणना करते. ही तशी नव्हती. कानाजवळचे पांढरे केस होते, डोळ्यांखालच्या रेषाही होत्या, पण त्या सगळ्यांवर उजेड असा बसला होता की भंडारदऱ्याच्या बारा फोटोंतली मुलगी ओट्याला टेकून 'भाजी करपेल' म्हणत उभी होती. मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, म्हणजे आता कशी दिसते?

दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेलो आणि घोटाळा कळला. रिंग शेवटपर्यंत फिरवली तरी समोरची पाण्याची टाकी स्पष्ट होईना. झाड नाही, डोंगर नाही, पलीकडच्या गच्चीवरचे कपडेसुद्धा नाहीत. साधारण आठ फुटांपर्यंतचं जग होतं, त्यापुढं नुसती पेज. नळी लांब होती. फार नाही, एखादा मिलीमीटर असेल. पण लांब होती.

पीस चुकला होता.

मी कॅमेऱ्याला झाकण लावलं. हे मी कोणालाही सांगणार नव्हतो. एक मिलीमीटरसाठी एका माणसाचा डबा, बटणं, आणि आठवड्यातले तीन दिवस काढून घ्यायचे? मला स्वतःचा फार अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, आपण किती मोठ्या मनाचे आहोत या विचारानं मी गच्चीवर दोन चकरा मारल्या.

त्यानंतर तीन-चार महिने मी फक्त जवळचे फोटो काढले. लिंबाची फोड. हिचे हात. शेजाऱ्यांचं मांजर, ते जवळ येईल तेव्हा. शाळेतल्या गणपतीच्या कार्यक्रमात सगळा नाच चालू असताना मी पुढच्या रांगेतल्या मुख्याध्यापकांच्या कानाचा फोटो काढत होतो. मामांना रोज एक फोटो पाठवायचो. त्यांचा लगेच फोन. "चांगलाय. पर समदं बरोबर चाललंय ना त्याचं? कुटं अडत न्हाई ना?"

"नाही हो मामा. झकास."

"लांबचा बी काडून बघा एखादा."

"काढतो की."

बिचारे, मला वाटायचं, किती काळजी आपल्या कामाची!

दिवाळी झाली. भाऊबीजेला सगळे जमलो आणि मेहुण्यानं गाडी काढली, चला भंडारदऱ्याला. मी कॅमेरा घरी ठेवायला निघालो होतो, मामांनी अडवलं. "घ्या की. आपला पीस लावून घ्या."

अकोले गावाच्या पुढं हिरवळ अजून शिल्लक होती. धरण भरलेलं, पाणी काचेसारखं, पलीकडे डोंगरांची रांग अशी स्वच्छ की शाळेतल्या मुलानं पट्टी न वापरता काढावी. मामा आणि सासूबाई, म्हणजे मामी, काठावर जाऊन उभे राहिले. उभ्या जन्मात दोघांनी असं कुठं जाऊन फोटो काढलेला नव्हता. मामींनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"मागचा डोंगर आला पायजे बरं का समदा," मामा म्हणाले.

मी म्हटलं, "मामा, मोबाईलवर काढू का? छान येतो."

"मोबाईल कशाला? ह्याच्यानं काडा."

काढला. दोघांचे चेहरे आले, सुरेख आले. मागं डोंगर नव्हताच. जिथं डोंगर असायला हवा तिथं कोणीतरी भिजवलेली कणीक ठेवली होती. मी घाईनं पडदा बंद करणार, तोच मेहुण्यानं कॅमेरा घेतला. त्यानं रिंग शेवटपर्यंत फिरवली, डोंगराकडे धरली, मोठं करून बघितलं. नळीवर बोट फिरवलं. खोट काढायचा पगार मिळणाऱ्या माणसाचे डोळे बारीक झाले.

"दाजी, हे पहिल्यापासूनच असं आहे?"

मी म्हटलं, "उजेड जरा…"

"उजेडाचा काय संबंध? इन्फिनिटीला, लांबवर, जातच नाही ती. नळी लांब झालीये." आणि मग हसत, पण अगदी हसत नाही असं, "अण्णा, पीस रिजेक्ट. टाळी दिली होती तुम्ही. सोमवारपासून घरी."

मला वाटलं मामा भांडतील. ते व्हर्निअर काढतील, लेथचं नाव घेतील, पोराला दोन शब्द सुनावतील. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा नळीकडे. "बरं," म्हणाले, आणि पाण्याच्या कडेकडेनं एकटेच चालायला लागले. पाठीमागं हात बांधून. ते हात रिकामे असलेले मी पहिल्यांदाच बघत होतो.

ही आणि मेहुणा भजी आणायला गेले. मामी गाडीला टेकून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "जावईबापू, एक बोलू का? रागाला यायाचं न्हाई."

"बोला ना."

"ते काय बोलायचे न्हाईत. म्हनून मी बोलती. ती चकती तीनची हुती. तुमी कागदावर दोनची धरली."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"नळी केली त्या दिवशीच घरी येऊन मला म्हनले, चकती मोजून घेतली, तीन भरती, जावयांनी दोन धरलीय. म्या म्हनलं, मग सांगा की त्यांना."

"मग का नाही सांगितलं?"

"धोंड्याच्या महिन्यात?" मामींनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी भलतं बोललो. "ज्याचं पाय धुवायचं त्याची चूक काडायची? त्यात तुमी गनिताचं मास्तर. त्यांना वाटलं, कागदावर सही हाय, कायतरी हिशेब असंल. ड्रॉईंगच्या भायेर जायाचं न्हाई, हे त्यांचं नेहमीचंच. दर बारीला इचारत हुते, कुटं अडत न्हाई ना, लांबचा काडून बघा. तुमी आपले झकास, झकास!"

म्हणजे तीन-चार महिने मी ज्याची चूक पोटात घालून मोठा होत होतो, तो माणूस माझी चूक पोटात घालून बसला होता. आणि आत्ता, पोराच्या तोंडावर एक वाक्य बोलून सुटण्याऐवजी, जावयाचं नाक जाऊ नये म्हणून शेड सोडायला निघाला होता.

भज्यांचा कागद घेऊन मेहुणा आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. क्वालिटीवाला तो, त्याला मूळ कारण शोधल्याशिवाय चैन पडेना.

"चकती कशानं मोजलीत?"

"पट्टीनं."

"कसली पट्टी?"

"कंपासपेटीतली."

"दाजी! आणि शून्यापासून मोजलीत का पट्टीच्या टोकापासून?"

मी एक भजं उचललं. पट्टीच्या टोकाला शून्याच्या आधी थोडी कोरी जागा असते. तेवढी मोजायची नाही, शून्यावर ठेवून मोजायचं, हे मी दर जूनमध्ये पाचवीच्या वर्गाला ओरडून सांगतो. एकदा यावरून एकाला बाकावर उभं केलं होतं.

ही हसता हसता खाली बसली. मेहुणा मात्र सरळ पाण्याच्या कडेनं चालत गेला. तिकडे बापलेकांचं काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. परत येताना ऐकू आलं ते एवढंच:

"पीस ड्रॉईंगप्रमाणे असेल तर पीस पास, अण्णा. ड्रॉईंग रिजेक्ट."

"ड्रॉईंगला बी रिजेक्ट नको म्हनू," मामा माझ्याकडे न बघता म्हणाले. "एक मिलीमीटर तर हाय. पुसून टाकू."

पुढच्या आठवड्यात सुट्टी काढून मी त्यांच्याबरोबर नागापूरला गेलो. पत्र्याची शेड, तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास, दारातून आडवं येणारं ऊन. एकजण दुसऱ्या लेथवर काम करत होता, त्यानं नुसती मान हलवली. मामांनी चकती सोडवली, नळीला पातळ पत्र्याची घडी गुंडाळली, चकात धरली, फिरवून पाहिली, पुन्हा सैल केली, पुन्हा धरली. टूल जवळ आणताना त्यांनी डोळे बारीक केले नाहीत, मान कलती केली. ते ऐकत होते. टूल टेकलं तसा एक बारीक सूर आला, आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

एक कट झाला. चंदेरी भुगा पायाशी पडला. मशीन बंद करून त्यांनी नळीला व्हर्निअर लावला आणि माझ्यासमोर धरला.

"वाचा."

मी वाचलं.

"पुन्यांदा वाचा. सावकाश."

मी पुन्हा वाचलं. मला वाटलं, मला शिक्षा चाललीय, आणि योग्यच चाललीय. पाचवीतल्या पोरासारखा मी प्रत्येक कटानंतर मोठ्यानं आकडे म्हणत गेलो. चार कट झाले. शेवटचा तर इतका बारीक की भुगा पडला का नाही ते कळलं नाही. चोवीस पूर्णांक सेहेचाळीस. मामांनी कडेवरून अंगठा फिरवला आणि नळी माझ्या हातात दिली. ती अजून कोमट होती.

चकती परत बसवून, शेडच्या दारात उभं राहून मी लेन्स लावली आणि रस्त्याच्या पार टोकाला असलेल्या पिंपरणीच्या झाडाकडे धरली. पानन् पान आलं. मामांना पडदा दाखवला. ते थोडा वेळ बघत राहिले. "आलं का?" असं त्यांनी मला विचारलं, आणि पडदा त्यांच्या नाकासमोर असूनही मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी म्हटलं, "आलं मामा, सगळं आलं."

पीस परत आला नव्हता. टाळी मोडली नव्हती. मेहुण्यानंच तसं घरात जाहीर करून टाकलं, आणि मामा संक्रांतीच्या तोंडापर्यंत डबा घेऊन शेडला जात राहिले.

संक्रांतीला आम्ही तिळगूळ घेऊन गेलो तर दुपारची वेळ असून मामा घरात. खुर्चीत बसलेले, शर्टाचं वरचं बटण उघडं. मामी चहा टाकता टाकता म्हणाल्या, "बसले बगा घरी. गेल्या सोमवारपासनं. कुनी काय बोललं न्हाई, काय न्हाई."

मी विचारलं, "काय झालं मामा? एखादा पीस परत आला का?"

"न्हाई आला."

"मग?"

"म्हनून तर."

ही चहाचे कप घ्यायला आत गेली. मामा खिडकीकडे बघत होते. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, नुसतं ऊन होतं. मग त्यांनी आवाज जरा खाली आणला.

"जावईबापू, त्या दिवशी व्हर्निअरवरचं तुमी वाचलेलं बरोबरच हुतं ना? मला त्या रेघा आता दिसत न्हाईत."

"दोनदा वाचलं होतं मामा. प्रत्येक वेळी."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि तिळगुळासाठी हात पुढं केला.